४ मिमी पीसीएल नळी: पेशी आत शिरत नाहीत, हेपारिन टिकत नाही

सूतकताई
लहान धमनीसाठी इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च दाबाच्या विजेने द्रावणाचे बारीक तंतू ओढून) नळी काढतोय. पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक), रेणुभार ८०,०००, एचएफआयपी या द्रावकात १०%, १५ किलोव्होल्ट, तासाला १ मिली, तंतू गोळा करणारी फिरती सळई सुईपासून १५ सेमी. तंतू मायक्रॉनच्या आत, भिंत ४०० मायक्रॉन. स्नायुपेशी वरच्या थरावरच बसून राहतात. ईडीसी-एनएचएसने (आम्ल आणि अमाइन गट जोडणारी रसायनं) लावलेलं हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, बफरमध्ये निघून जातं. सळईवरून ओढताना आतला थरही सोलतो. काय बदलू?

धागादोरा
तंतू बारीक तेवढी छिद्रं बारीक. तुमच्या जाळीत पेशीला वाटच नाही. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ५:१ मध्ये २५% पीसीएल घ्या, प्रवाह ताशी ८ मिलीपर्यंत वाढवा. तंतू ५-६ मायक्रॉनचे झाले की छिद्रं ३० मायक्रॉनच्या आसपास जातात. पण नुसत्या जाड तंतूंची नळी रक्त गाळते, म्हणून आतून बारीक तंतूंचा ५० मायक्रॉनचा थर ठेवा, जाड तंतू बाहेर.

सळई जोरात फिरवून तंतू आडवे बसवायचा मोह टाळा. ४ मिमी सळईवर ३ मी/सेकंद वेग हवा तर १४,००० च्या वर आरपीएम लागतात, आणि तेवढ्यात सळई थरथरते.

सळईवर आधी पीईओचा (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) पातळ लेप द्या. कताई झाल्यावर पाण्यात बुडवा, लेप विरघळला की नळी हलकेच फिरवून सरकवा. ओढू नका.

बफर५.५
पीसीएलवर अमाइन नाही, मग ईडीसी हेपारिनला जोडणार कशाला? ते नुसतं चिकटलेलं होतं. आधी पीसीएलवर अमाइन बसवा (अमिनोलिसिस): १,६-हेक्झेनडायअमाइन, आयसोप्रोपॅनॉलमध्ये १०%, ३७ अंशांवर साधारण तासभर. जास्त ठेवलंत तर एस्टरबंध तुटून नळी ठिसूळ होते, त्यामुळे नंतर ताण-चाचणी कराच. जोडणी एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५. ट्रिस बफर अजिबात नको, त्याचं अमाइनच ईडीसी खातं. टोल्युइडिन ब्लूने (हेपारिन दाखवणारा रंग) जांभळा रंग आला म्हणून खूश होऊ नका. ईडीसी न घातलेला तुकडा शेजारी ठेवा, दोन्ही सारखेच रंगले तर जोडणी झालेली नाही.

सूतकताई
अमिनोलिसिस फक्त आतून होईल का? बाहेरच्या थराची ताकद घालवायची नाही.

बफर५.५
अवघड आहे. आयसोप्रोपॅनॉल पीसीएलला भिजवतं, म्हणजे द्रावण भिंतीतून आरपार जाणार. त्यापेक्षा आतला थर पीसीएल-जिलेटिन ७०:३० चा काता, टीएफई या द्रावकामध्ये. द्रावण गढुळलं तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थोडे थेंब टाका. जिलेटिनचे अमाइन हेपारिनला पुरतात, आणि त्याच ईडीसीने जिलेटिनही पक्कं होतं.

धागादोरा
निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये नको, पीसीएल ६० अंशांवर वितळतं. इथिलीन ऑक्साइडचं ३७ अंशांचं चक्र मागा. फुटण्याचा दाब मोजताना आत पातळ लॅटेक्सची नळी घाला, नाहीतर भिंत फुटायच्या आधी पाणीच झिरपतं. सॅफेनस शिरेचा (पायातली, बायपासला वापरतात ती) आकडा साधारण १,६०० मिमी पारा. तिथवर पोहोचणं कठीण नाही. नळी मार खाते ती लवचिकतेत, धमनीला शिवलेल्या टाक्यांच्या जागी.