मिडवेस्टमधल्या छोट्या गावातले लिबरल आर्ट्स कॉलेज: मुलीला मानवेल की नाही, हे कसे ठरवावे?

प्रश्न (एक पालक, न्यू जर्सी)

आमच्या मुलीचे हायस्कूल येत्या जूनमध्ये संपत आहे आणि तिच्यासमोर आता दोनच पर्याय उरले आहेत. पहिला आमच्या राज्यातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठाचा. दुसरा मिडवेस्टमधल्या (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या) एका छोट्या गावातल्या निवासी लिबरल आर्ट्स कॉलेजचा (विज्ञानापासून साहित्यापर्यंतचे विषय मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारे कॉलेज), जिथे सगळे मिळून बाराशे-तेराशे विद्यार्थी आहेत आणि जवळचे मोठे शहर मोटारीने सव्वा तासावर आहे. कॉलेजने देऊ केलेले अनुदान वजा केल्यावर दोन्हीकडचा वार्षिक खर्च जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे निर्णय पैशांवर सोडून मोकळे होण्याची सोय राहिलेली नाही. १ मेपर्यंत एका ठिकाणी अनामत रक्कम भरायची आहे.

मुलीला जीवशास्त्राची ओढ आहे, मात्र गेल्या वर्षभरात संख्याशास्त्रही तिला आवडू लागले आहे. स्वभावाने ती अबोल आहे. चार-पाच जणांत खुलते, मोठ्या घोळक्यात गप्प बसते. प्रवेश मिळालेल्यांसाठी कॉलेजने ठेवलेल्या खास दिवशी आम्ही जाऊन आलो. ऊन होते, हिरवळ होती, भेटलेला प्रत्येक विद्यार्थी आनंदी होता, आणि नेमके त्यामुळेच मला त्या दिवसावर फारसा भरवसा ठेवावासा वाटत नाही. ‘या कॉलेजचे नाव कोणी ऐकलेले नाही’ ही माझ्या यजमानांची तक्रार आहे. ती मी बाजूला ठेवते. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, इतक्या लहान जागी चार वर्षे शिकायला पुरेसे मिळते का, आणि ते आपल्या मुलीला मानवेल की नाही हे आधीच तपासण्याचा काही खात्रीचा मार्ग आहे का.

प्रतिसाद (अशाच एका कॉलेजची माजी विद्यार्थिनी, सध्या जीवशास्त्रात संशोधन)

खात्रीचा म्हणावा असा एक मार्ग आहे आणि तो घरबसल्या करता येतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात किंवा कॅटलॉगमध्ये छापलेली कोर्सची यादी बाजूला ठेवा आणि रजिस्ट्रारच्या (वर्ग आणि नोंदणी सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या) पानावर जाऊन मागच्या चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रके उघडा. कॅटलॉगमध्ये कॉलेज कधी काळी शिकवत असलेले सगळेच असते. वेळापत्रकात दिसते ते खरोखर शिकवले गेलेले, त्यासाठी किती जागा होत्या आणि त्यांतल्या किती भरल्या.

हे इतके महत्त्वाचे का, हे साध्या हिशेबाने कळते. समजा जीवशास्त्र विभागात पाच प्राध्यापक आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला पाच वर्ग घेतो, म्हणजे एकूण पंचवीस वर्ग झाले. त्यांतून पहिल्या वर्षाच्या तुकड्या, प्रयोगशाळा, इतर विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले प्राथमिक वर्ग आणि सगळ्याच विभागांना वाटून घ्यावी लागणारी प्रथम वर्षाची चर्चासत्रे वजा केली, तर वरच्या पातळीचे आठ-दहा कोर्स उरतात. त्यात एखादे प्राध्यापक सब्बॅटिकलवर (संशोधनासाठीच्या दीर्घ रजेवर) असले की ही संख्या आणखी खाली येते. म्हणून अशा कॉलेजांत कित्येक कोर्स वर्षाआड होतात, आणि तिसऱ्या वर्षी परदेशी सत्रासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याची नेमक्या त्याच कोर्सशी चुकामूक होते. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी दोनच गोष्टी आधी पाहीन: जनुकशास्त्र दरवर्षी होते का, आणि गणित विभागात संख्याशास्त्रात प्रशिक्षित झालेली निदान एक पूर्णवेळ व्यक्ती आहे का. ‘संख्याशास्त्राचा कोर्स आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण तो पुष्कळदा दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक सांभाळून घेत असतात.

या मर्यादेच्या मोबदल्यात जे मिळते तेही तितकेच खरे आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळेतली उपकरणे पदवीचे विद्यार्थीच हाताळतात. मी पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात जे काम केले, ते मोठ्या विद्यापीठात बहुधा एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे गेले असते. नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेची आकडेवारी पदवीधरांच्या प्रमाणात पाहिली, तर पुढे डॉक्टरेट मिळवणाऱ्यांमध्ये कार्लटन, ग्रिनेल, स्वार्थमोर, रीड यांसारखी छोटी कॉलेजे फार वरच्या क्रमांकांवर दिसतात. (अर्थात, मुळात अभ्यासाकडे कल असणारी मुलेच तिथे जातात, हाही त्यातला एक भाग आहे.) महागड्या उपकरणांची उणीव उन्हाळ्यात भरून काढता येते. फाउंडेशनच्या आरईयू या योजनेखाली पदवीचे विद्यार्थी साधारण दहा आठवडे मोठ्या विद्यापीठात मानधनावर संशोधन करतात. ही योजना अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे, त्यामुळे तुमची मुलगी पात्र असेल असे मी धरून चालते.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. जनुकशास्त्र शिकवणारी व्यक्ती एकच असेल आणि तिच्याशी सूर जुळला नाही, तर दुसरी तुकडी निवडण्याचा पर्याय नसतो. तीच व्यक्ती पुढे प्रबंधाची मार्गदर्शक आणि शिफारसपत्र लिहिणारीही असू शकते. मुलीने त्या एका व्यक्तीच्या वर्गात तासभर बसून यावे. माझ्या मते कॅम्पसच्या सगळ्या फेरफटक्यापेक्षा तो तास जास्त सांगून जातो.

प्रतिसाद (दोन मुले अशा कॉलेजांतून शिकलेला पालक)

अभ्यासाविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी राहण्याविषयी लिहितो. ‘ग्रामीण’ या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या जागा येतात. मॅसॅच्युसेट्समधले अ‍ॅमहर्स्ट हे लहान गाव असले तरी तिथल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला आसपासच्या स्मिथ आणि माउंट होल्योक कॉलेजांचे व राज्य विद्यापीठाचे वर्गही घेता येतात. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गला, जिथे नॉक्स कॉलेज आहे, अ‍ॅमट्रॅकची प्रवासी रेल्वेगाडी थांबते आणि विद्यार्थी स्वतःच्या पायांनी शिकागोला जाऊ शकतो. याउलट ओहायोतले गॅम्बिअर हे केनयन कॉलेजभोवतीच वसलेले खेडे आहे. कोलंबस तासाभरावर असले तरी मोटार नसलेल्या मुलाला ते अंतर दुसऱ्याच्या सोयीनेच कापावे लागते. तेव्हा गावाची लोकसंख्या पाहण्याऐवजी, मोटार नसलेली अठरा वर्षांची मुलगी शनिवारी दुपारी कुठवर आणि कशी जाऊ शकते, हे विचारा.

काही चौकशा अगदी रूक्ष वाटतात, पण त्यांच्यावरच पहिले वर्ष सुखाचे जाते की नाही हे ठरते. विमानतळापर्यंत कॉलेजची बस आहे का आणि ती फक्त सुट्ट्यांच्या आदल्या दिवशीच धावते का. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरच्या सणाला) आणि हिवाळी सुट्टीत डॉर्म (वसतिगृहे) बंद होतात का, आणि झाल्यास घरी न जाणाऱ्यांची व्यवस्था काय. समुपदेशकाची वेळ मिळायला सत्राच्या मध्यावर किती आठवडे लागतात. रात्री ताप चढला तर सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. जेवणाचा करार बहुधा सक्तीचा असतो, म्हणून शाकाहारी असाल तर मुलीने मेसमध्ये पाहुण्यांसाठी खास जेवण मांडलेल्या दुपारी न जेवता एखाद्या साध्या मंगळवारी रात्री जेवून पाहावे. फेब्रुवारीत जाता आले असते तर सर्वांत बरे झाले असते, कारण उणे पंधरा तापमानात आणि साडेपाचला मावळणाऱ्या दिवसात त्या गावाचे खरे रूप दिसते. आता एप्रिलमध्ये निदान कामकाजाच्या दिवशी जा आणि मुलीला एक रात्र एकटीला डॉर्ममध्ये राहू द्या.

अबोल स्वभावाबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला उलटे वाटेल. मोठ्या विद्यापीठात अबोल मूल सहज दिसेनासे होते. इथे वर्गात चौदा जण असतात आणि प्राध्यापक नावाने विचारतात, त्यामुळे गप्प राहणे कठीण होते. शिवाय माणसे कमी असल्यामुळे कामे अंगावर येऊन पडतात. माझी मोठी मुलगी घरी फोन उचलायला लाजत असे. ती दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या साप्ताहिकाची संपादक झाली, कारण दुसरे कोणी तयार नव्हते. याची दुसरी बाजू अशी की मैत्रीत बिनसले तर तीच मैत्रीण वर्गात, मेसमध्ये आणि प्रयोगशाळेत रोज समोर येते, आणि आपल्यासारख्या घरांतली मुले एका वर्षात मोजकीच असतात. माझ्या धाकट्याला ते सोसले नाही. त्याने दीड वर्षानंतर शहरातल्या विद्यापीठात बदली घेतली आणि तिथे तो चांगला रमला. दोघे एकाच घरात वाढले, म्हणून सांगतो की कॉलेज चांगले आहे की वाईट, यावर हा प्रश्न सुटत नाही.

मूळ प्रश्नकर्त्या

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मुलीने आणि मी मिळून चार सत्रांची वेळापत्रके पाहिली. जनुकशास्त्र दरवर्षी होते आहे. परिसरविज्ञान वर्षाआड, तेही केवळ शरद सत्रात होते. संख्याशास्त्रात प्रशिक्षित प्राध्यापक एकच आहेत आणि त्यांच्या वर्गात जागांपेक्षा प्रतीक्षा यादी मोठी दिसली. मुलीने विभागप्रमुखांना स्वतः पत्र लिहून याबद्दल विचारले आहे. आता एक नवीनच काळजी लागली आहे: छोटी कॉलेजे बंद पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. आमच्या निवडीला तो धोका आहे का, हे बाहेरच्या माणसाला कसे ओळखता येईल?

प्रतिसाद (एका छोट्या कॉलेजात अध्यापन आणि प्रशासन)

काळजी अनाठायी नाही. व्हरमाँटमधले ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद झाले. त्याच राज्यातले मार्लबरो पुढच्याच वर्षी बोस्टनच्या इमर्सन कॉलेजात विलीन झाले आणि त्याचा ग्रामीण कॅम्पस संपला. आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये, तर न्यूयॉर्क राज्यातले वेल्स कॉलेज २०२४ मध्ये बंद झाले. वेल्सने एप्रिलच्या अखेरीस घोषणा केली आणि ते सत्र संपताच दारे लावली, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या अनामत रकमा भरण्याच्या ऐन वेळी. उलट उदाहरणही आहे: व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली होती, पण माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा करून ते वाचवले आणि ते चालू राहिले. या सगळ्यामागे लोकसंख्येचे कारणही आहे. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे ४३ लाख बालके जन्मली आणि त्यानंतर जन्मसंख्या उतरत गेली. ती मुले आता अठरा वर्षांची होत असल्यामुळे पुढची बरीच वर्षे प्रवेशेच्छूंची संख्या कमी होत जाणार आहे.

बाहेरच्या माणसाला पाहता येण्याजोगे पुष्कळ असते. सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर या संकेतस्थळावर विद्यार्थिसंख्या आणि पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्यांचे प्रमाण मिळते; एकाच वर्षाच्या आकड्यावर न थांबता जुन्या वर्षांचे आकडेही काढून शेजारी मांडा. विद्यार्थिसंख्या सतत घसरत असेल आणि त्याच काळात कॉलेजने विभाग बंद केले असतील किंवा निवृत्त प्राध्यापकांच्या जागा भरल्या नसतील, तर सावध व्हावे. ना-नफा संस्थांना भरावे लागणारे फॉर्म ९९० हे विवरणपत्र सार्वजनिक असते. त्यात खर्च उत्पन्नाच्या वर किती वर्षे राहिला हे दिसते. (धार्मिक संस्थांशी जोडलेल्या काही कॉलेजांना त्यातून सूट असते, तेव्हा तिथे लेखापरीक्षित ताळेबंद मागावा लागतो.) मिडवेस्टमधल्या बहुतेक कॉलेजांना मान्यता देणारे हायर लर्निंग कमिशन आपले निर्णय प्रसिद्ध करते, त्यामुळे कॉलेज निगराणीखाली असल्यास तेही तिथे समजते. देणगीनिधीचा एकूण आकडा ऐकून भुलू नका, त्याला विद्यार्थिसंख्येने भागा. ग्रिनेलसारख्या अब्जावधी डॉलरचा निधी असलेल्या कॉलेजची आणि जेमतेम काही कोटींवर चालणाऱ्या कॉलेजची तुलनाच होत नाही, दोन्ही ग्रामीण आणि दोन्ही लहान असली तरी.

तुम्ही लिहिलेत की दोन्हीकडचा खर्च सारखा येतो. ते पहिल्या वर्षापुरते खरे असेल. गुणवत्तेवर मिळालेले अनुदान पुष्कळदा ठरावीक रकमेचे असते आणि फी दरवर्षी वाढते, त्यामुळे चौथ्या वर्षी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम पहिल्या वर्षापेक्षा हजारो डॉलरने अधिक असू शकते. आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: अनुदान फीबरोबर वाढते का, ते टिकवायला किती सरासरी गुण लागतात, आणि पत्रात ‘साहाय्य’ म्हणून दाखवलेल्या रकमेत कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीची कमाई किती धरली आहे. ही पत्रे इतक्या हातचलाखीने लिहिलेली असतात की कर्ज हेही बक्षीस वाटू लागते, आणि आमचेच सहकारी ती लिहितात हे सांगताना मला संकोच होतो.

प्रतिसाद (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेला वाचक)

भारतातून अर्ज करणारे हे वाचत असतील तर दोन पुरवण्या. बहुतेक छोटी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याला किती आर्थिक साहाय्य लागेल हेही विचारात घेतात, म्हणजे गरज जास्त असेल तर प्रवेश अवघड होतो. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही त्याला अपवाद असलेली मोजकी नावे. दुसरे असे की, शिक्षणानंतर कामाची परवानगी सगळ्यांना एक वर्षाची आणि विज्ञान-तंत्रज्ञान वर्गातल्या विषयांना आणखी चोवीस महिन्यांची मिळते. हे वर्गीकरण विषयाच्या सरकारी संकेतांकावर ठरते, त्यामुळे एकाच अर्थशास्त्राच्या पदवीला एका कॉलेजात तीन वर्षे मिळतात आणि दुसऱ्या कॉलेजात एकच. संकेतांक आधी विचारून घ्या.

मूळ प्रश्नकर्त्या

विभागप्रमुखांचे उत्तर त्याच दिवशी आले आणि ते मोकळेपणाने लिहिलेले होते: संख्याशास्त्राच्या दुसऱ्या जागेसाठी मंजुरी मिळाली आहे पण नेमणूक अजून झालेली नाही, आणि जनुकशास्त्राच्या प्राध्यापिका मुलीच्या तिसऱ्या वर्षी सब्बॅटिकलवर असतील. विद्यार्थिसंख्या गेल्या काही वर्षांत जवळपास स्थिर दिसते. अनुदानाबाबतचे लेखी उत्तर अजून यायचे आहे. मुलगी येत्या बुधवारी एकटीच तिथे राहायला जात असून, त्या प्राध्यापिकांच्या वर्गात बसण्याची परवानगी तिने मिळवली आहे. अनामत कुठे भरायची हे ती परत आल्यावर तिलाच ठरवू देणार आहोत. माझे यजमान याला राजी झाले आहेत, फक्त नावाची तक्रार त्यांनी अजून मागे घेतलेली नाही.