जुन्या फ्लॅटचं काम काढतोय, सोमवारी तोडायला घेऊ का?

नवखा_डोंबिवली:
इमारत १९८८ची, वन बीएचके, दुसरा मजला. बाथरूम, ओटा, वायरिंग, लाद्या सगळंच बदलायचंय. हॉल-किचनमधली भिंतही पाडावी म्हणतो. मिस्त्री म्हणतो, "सोमवारी तोडायला घेतो, बाकीचं पुढे बघू." दिवाळीला घरात यायचंय.

साइटवाले काका:
"पुढे बघू" म्हणणाऱ्याच्या हातात घण देऊ नका हो! भिंत लोडबेअरिंग, म्हणजे इमारतीचा भार पेलणारी, आहे का, हे मिस्त्रीने नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगायचं, तेही लेखी. ३० वर्षं उलटलेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे, सेक्रेटरीकडे रिपोर्ट मागा.

मग कागदावर घर काढा. फ्रिज कुठे, वॉशिंग मशीन कुठे, पलंग कुठल्या भिंतीला? फर्निचर शेवटी येतं, पण वीज-पाण्याचे पॉइंट त्यावरूनच ठरतात. झिऱ्या (वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवून टाइल लागली की एक सॉकेट हलवायलाही टाइल फोडावी लागते. गीझर आणि एसीला वेगळ्या लाइन, प्रत्येकीला आपला एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. झिऱ्या बुजवण्याआधी फोटो काढा, पुढे ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

बाथरूममधली जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप आतून गंजलेली असणार, नवीन नळ बसवून ती तशीच ठेवू नका. वॉटरप्रूफिंग झालं की नानी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी तुंबवायचं आणि खालच्यांचं छत बघायचं. टाइलवाला ताटकळतोय म्हणून मिस्त्री घाई करेल. करू दे. टाइलखालची गळती शोधणं म्हणजे सगळं पुन्हा फोडणं.

मीनल_ठाणे:
वन बीएचकेत संडास एकच ना? तेवढे दिवस राहणार कुठे, ते आधी ठरवा. राबीट (तोडफोडीचा मलबा) कोण उचलणार, गोणी लिफ्टने की जिन्याने, दुपारी ठोकाठोक चालते का, हे सोसायटीला विचारा. लाद्या थोड्या जास्त घ्या, नंतर तीच शेड मिळत नाही.

नवखा_डोंबिवली:
सोमवार रद्द केला, मिस्त्री रुसलाय. खालच्या काकूंशी बोललो तर म्हणाल्या, आमच्या बाथरूमच्या छताला आत्ताच ओल आहे!

साइटवाले काका:
बरं झालं आत्ता कळलं. त्या ओलीचे फोटो त्यांच्यासमोर काढा आणि त्यांनाही पाठवा. आणि ओल तुमच्याकडून येते की ड्रेनेजच्या उभ्या पाइपातून, ते प्लंबरकडून तपासून घ्या. उभा पाइप सोसायटीचा, त्याचा खर्च तुमच्या अंगावर घेऊ नका.