विंडोज १० नंतर: सोलापुरातल्या कामाच्या संगणकांचे अनुभव

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मोबाइलवर बरंच काही होत असलं तरी चादरीची डिझाइन, जीएसटीची सही, कांद्याची पट्टी (शेतकऱ्याच्या मालविक्रीचा हिशेब) आणि लग्नपत्रिका अजून टेबलावरच्या संगणकातूनच निघते. तुमच्याकडे काय अडतं, का अडतं आणि कशानं सुटतं, ते लिहा. जोडलेलं यंत्र, आकडे आणि पायऱ्या जरूर द्या. आतापर्यंत आलेले अनुभव खाली आहेत.

जेकार्ड डिझाइन, अक्कलकोट रोड एमआयडीसी

नवी विंडोज टाकण्याआधी डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचं परवान्याचं छोटं उपकरण, बघा. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यातच असतं. पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीचं) डोंगल असेल तर यूएसबीची केबल आणून उपयोग नाही. ती केबल प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यावर ओळखलं जात नाही. यूएसबी डोंगल असेल तर ६४-बिट ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) मिळतो का, हे सॉफ्टवेअरवाल्यांना आधी विचारा. विंडोज ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात. ती बंद करून काम भागतं, पण मग त्या संगणकाला इंटरनेट अजिबात जोडू नका.

टॅबवर चित्र काढून आणणाऱ्यांसाठी एक हिशेब. जेकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे) १३४४ हूक (ताण्याचे धागे उचलणारे आकडे), इंचाला ताण्याचे ६० धागे, म्हणजे एक रिपीट (नक्षीची एक आवृत्ती) २२.४ इंच. इंचाला ४० पिक (आडवे धागे) आणि डिझाइनची लांबी ३० इंच, म्हणजे १२०० पिक. फाइल नेमकी १३४४ × १२०० पिक्सेलचीच हवी, कारण एक आडवा पिक्सेल म्हणजे एक हूक आणि एक उभा पिक्सेल म्हणजे एक पिक. काठासाठी राखलेले हूक यातून वजा करा. फाइल इंडेक्स्ड (ठरावीक मोजक्या) रंगांची बीएमपी ठेवा. जेपीजी केली की दोन रंगांच्या सीमेवर मधल्या छटा तयार होतात. प्रत्येक रंगाला एक वीण नेमलेली असते, त्या छटांना नसते, आणि तिथे धागा न बांधता मोकळा लोंबतो. आकार बदलताना 'निअरेस्ट नेबर' निवडा, आणि ब्रशऐवजी पेन्सिल वापरा, म्हणजे अशा छटा येत नाहीत. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. यंत्रावरचे जुने कंट्रोलर एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची पद्धत वाचत नाहीत. फ्लॉपीवर चालणारं यंत्र असेल तर फ्लॉपी इम्युलेटर (फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह चालवणारं उपकरण) बसवा, त्यासाठी यंत्र बदलायची गरज नाही.

अडत दुकानांचं संगणकाचं काम, मार्केट यार्ड

डॉस या जुन्या प्रणालीतल्या फॉक्सप्रो प्रोग्राममधून पट्टी अजूनही झपाट्यानं निघते. पण विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि त्यात डॉसचा १६-बिट प्रोग्राम उघडतच नाही. उपाय डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे विंडोजमध्ये डॉस चालवणारा प्रोग्राम. डेटाचा अख्खा फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर ठेवा. डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाची) फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून बघता येते, पण तिथून 'सेव्ह' करू नका; रकान्यांची मांडणी बदलू शकते आणि इंडेक्स फाइल जुनीच राहते.

प्रिंटर यूएसबीवर असला आणि विंडोजच्या कमांड विंडोतला प्रोग्राम एलपीटी-१ वर (जुन्या पॅरलल पोर्टवर) छापत असला, तर प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' कमांडने तो एलपीटी-१ ला जोडा. पट्टी दर वेळी काही ओळी खाली सरकत असेल तर ड्रायव्हर कागद ए-४ समजतोय. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये १० × ६ इंचाचा नवा फॉर्म करा आणि प्रिंटरला तोच नेमा. 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर सगळ्यात वेगवान, मात्र त्यात मराठी नावं छापली जात नाहीत.

करसल्लागार, नवी पेठ

कंपनी आणि एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीच्या) जीएसटी विवरणाला डिजिटल सही लागते, आणि ती टोकनमध्ये (पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी उपकरणात) असते. आधी टोकनचा ड्रायव्हर टाका, मग सही करणारा प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून, आणि शेवटी ब्राउझर उघडा. तरीही सही अडली तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्र अवैध ठरतं. सेल अगदी स्वस्तात मिळतो, पण त्यापायी शेवटच्या तारखेला विवरण अडकतं.

टॅलीवाल्यांनो, फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सरेंडर करा (त्या संगणकावरून सोडवून घ्या). बॅकअप टॅलीप्राइमच्या डेटा मेन्यूतून घ्या, शिवाय कंपनीचा आकडी नावाचा फोल्डरही उचलून ठेवा. नव्या रिलीजमध्ये स्थलांतरित झालेला डेटा जुन्यात परत उघडत नाही, म्हणून ही जुनी प्रत जपायलाच हवी.

डीटीपी, पत्रिका छपाई

जुन्या लिपी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या एका समान पद्धतीत) बदलल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली का, रफार सरकला का, आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला र तुटला का. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू अशी एकत्र पत्रिका करून मागतात. युनिकोडमध्ये ती एकाच फाइलमध्ये होते. पान मांडायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' लावला नाही तर जोडाक्षरं फुटतात. छापखान्यात फॉन्ट एम्बेड केलेली (आतच बसवलेली) पीडीएफच द्या.

दुरुस्ती

वरच्या सगळ्यांना एक विनंती: कारखान्यातला सीपीयू जमिनीवर ठेवू नका, फूटभर उंच ठेवा. सुताचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांत जाऊन बसतात, त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि संगणक आपोआप बंद पडू लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. जोरात फिरला तर बेअरिंग खराब होतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असू शकतं, त्यामुळे संगणक भंगारात काढण्याआधी तिथे बघा.

लिनक्स वापरणारे, विद्यापीठ परिसर

पत्रव्यवहार, ब्राउझर आणि मुलांच्या अभ्यासासाठी एसएसडी (वेगवान डिस्क) घातलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चांगली चालते. ८ जीबी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, सुरू करा. वायफाय, प्रिंटर आणि आवाज तपासा, मगच इन्स्टॉल करा. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. सहीचं टोकन, डोंगल आणि टॅली ज्या संगणकावर आहे, तो मात्र विंडोजवरच राहू द्या.