शेवाळं दिसलं म्हणून खत बंद करू नका

माशांची दीड फुटी टाकी, त्यात अनुबियास आणि जावा फर्न ही पाण्यातली झाडं, पानांवर शेवाळाचे हिरवे ठिपके, काय करू, असं एकानं विचारलंय. त्यावर कुणीतरी झाडांचं खत पूर्ण बंद करायचा सल्ला दिलाय. मला तो अजिबात पटत नाही. कमी उजेडातली झाडं हळू वाढतात, त्यांना खत थोडंच लागतं, पण लागतं. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडत असतील तर बहुधा पोटॅशियम कमी पडतंय. नायट्रेट माशांच्या विष्ठेतून मिळून जातं, पोटॅशियम आणि लोह मात्र सहसा बाहेरून द्यावं लागतं. बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात करा, आठवड्याला एकदा, पाणी बदललं की.

आधी उजेड आवरा. टाकीचा दिवा टायमर लावून दिवसाला सहा तासांवर आणा. टाकी खिडकीशी असेल तर हलवाच. पावसाळ्यात ढगांमुळे जाणवत नाही, पण ऑक्टोबरचं तिरकं ऊन आत आलं की काच हिरवी झालीच म्हणून समजा. अनुबियासचं जाड आडवं खोड वाळूत पुरलंय का तेही बघा, पुरलं की कुजतं. आणि नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय टाकीत ओतू नका.