कादंबरी लिहिताना दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचाव्यात की मिटून ठेवाव्यात?

धागाकर्ती:
सध्या एक कादंबरी अर्ध्यावर आहे. लिहिणारं जे कोणी भेटतं ते बजावून सांगतं, हातातलं पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं वाचू नकोस, शैली उतरते. मला हे मुळीच पटत नाही. मी लिहायला लागले ते पुस्तकांच्या वेडापायी. ऐन लिहिण्याच्या दिवसांत तीच दूर ठेवायची, म्हणजे ज्यामुळे लिहावंसं वाटलं तेच तोडायचं.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचं पाहा. 'द चार्टरहाउस ऑफ पार्मा' ही जाडजूड कादंबरी त्याने १८३८ साली अवघ्या ५२ दिवसांत हातावेगळी केली. पुढे बाल्झाक या दुसऱ्या फ्रेंच कादंबरीकाराला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, सूर लागावा म्हणून मी दिवाणी कायद्याची दोन-तीन पानं वाचायचो. लिहिणाऱ्याचा कान वाचण्यातूनच लागतो. माझं तर रोजचं आहे: वाक्यं सैल पडायला लागली की एखाद्या आवडत्या लेखकाचं पान मोठ्याने वाचते आणि मग परत लिहायला बसते. त्याचे शब्द माझ्यात येत नाहीत, वाक्य कुठे थांबवायचं ते तेवढं कळतं.

प्रतिसाद १:
असहमत. उदाहरण तुमचंच, पण ते माझ्या बाजूने बोलतंय. स्तांदालने कायदा वाचला, कादंबरी नाही! अलंकार नको होते, म्हणून तो कोरड्या गद्याकडे गेला.

आणि खरा धोका शैलीचा नाहीच. शैली उसनी असली की संपादकाच्या लगेच लक्षात येतं. प्रसंग उसने येतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. मृत्यूची बातमी कळली की नायिकेच्या हातून कप पडतो. का पडतो? आधीच्या शंभर पुस्तकांत पडलाय म्हणून. माझ्या ओळखीच्या एका बाईंना नवरा गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि मग विचारलं, "किती वाजता?" हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने सायबेरियात चार वर्षं सक्तमजुरी भोगली. जवळ ठेवायची मुभा होती ती बायबलच्या नव्या कराराची. तिथे कैद्यांच्या तोंडची बोलणी, म्हणी तो चोरून टिपून ठेवायचा. ती पुढे त्याच्या तुरुंगावरच्या पुस्तकात आली. पुस्तकं नसताना कान जास्त उघडे राहतात, असं माझं ठाम मत आहे.

धागाकर्ती:
दुधावरचं झाकण वाचून अंगावर काटा आला. पण कप पडणं शिळं झालंय हे तुम्हाला कशावरून कळलं? शंभर पुस्तकं वाचलीत म्हणूनच ना? ज्याने वाचलेलंच नाही त्याला कप पडणं नवं वाटतं, आणि तो ते मोठ्या हौसेने लिहितो. त्या बाईंचं झाकण ठेवणं तुमच्या मनात राहिलं, कारण अशा बारीक गोष्टींकडे पाहायची सवय तुम्हाला वाचनाने लावली. आणि दस्तयेवस्की तुरुंगात गेला तो भरपूर वाचून, चांगला लेखक होऊन गेला होता. त्याची पहिली कादंबरी 'पुअर फोक' १८४६ ची, अटक १८४९ ची.

प्रतिसाद २:
मी कादंबऱ्यांचं संपादन करते. हस्तलिखितात मधूनच वाक्यं अचानक लांबतात, पात्रं अचानक शहाण्यासारखी बोलायला लागतात. त्या काळात लेखक कुणाच्या तरी पुस्तकाच्या प्रेमात होता हे उघड दिसतं. त्यामुळे धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण तो जवळच्या पुस्तकांचा असतो, आपल्याच भाषेतल्या, आपल्याच विषयावरच्या, आपल्याच पिढीतल्या. दोनशे वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या मुलखातलं खुशाल वाचा. कविता तर वाचाच.

प्रतिसाद १:
संपादकांशी निम्मं सहमत. धागाकर्ती, वाचन डोळे तयार करतं हे मी कधीच नाकारलं नाही. ते काम आधीच्या वीस वर्षांत झालेलं असतं. माझा वाद फक्त पहिल्या खर्ड्यापुरता आहे. पात्र अजून धड बोलायला लागलेलं नसतं. त्याच सुमारास एखाद्या थोर कादंबरीतलं पात्र डोक्यात राहायला आलं, की आपलं गप्प बसतं. दुसऱ्या खर्ड्याला हवं तेवढं वाचा.

धागाकर्ती:
पहिल्या खर्ड्यातच तर मला सोबत लागते. माझं पात्र गप्प बसलं की मी दुसऱ्याच्या पुस्तकात जाते आणि तिथून परतल्यावरच ते बोलतं. तुमच्या पात्रांचा स्वभाव वेगळा असेल. म्हणून नियम मात्र करू नका, नवीन लिहिणारी मुलं तो खरा मानून वाचायचं सोडतात.