अँजिओप्लास्टीनंतर आण्णा गप्प झालेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय ६३, कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत. दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला. इको चांगला, बीपी-शुगर आटोक्यात. डॉक्टर म्हणाले, "आता फिरा-बिरा."

पण माणूस फिरायलाच तयार नाही. इतकी वर्षं पहाटेची रंकाळ्याची फेरी चुकवली नव्हती. आता चप्पल घालून सोप्यात बसतात ते बसूनच. तासाभरानं चप्पल काढून ठेवतात. झोप तीनला मोडते. तांबडा-पांढरा बंद केला ते ठीक, पण भाकरीही अर्धीच. काल आईनं गोळ्यांची डबी उघडली तर बुधवार ते शुक्रवारचे कप्पे भरलेलेच!

आई म्हणते नजर लागली. चुलते म्हणतात, "तालमीत घुमलेला गडी, मन घट्ट कर म्हणावं." मला काही ते पटत नाही. मानसोपचारवाल्याकडे न्यावं का? त्या गोळ्या हार्टच्या गोळ्यांबरोबर चालतात का? आणि "मला काय वेड लागलंय?" म्हणाले तर काय सांगू?

प्रतिसाद १

बाकी सगळं नंतर. गोळ्या चुकल्यात हे हार्टच्या डॉक्टरांना आत्ता फोन करून सांगा. नव्या स्टेंटमध्ये रक्त पातळ करणारी गोळी थांबली तर गुठळी धरू शकते.

माझी बायपास झाल्यावर मीही असाच भिंतीकडं तोंड करून पडायचो. अटॅकनंतर साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ते हृदयालाही सोडत नाही. ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जास्त चिकटतात, वर माणूस गोळ्या नि चालणं सोडतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये अशा रुग्णांसाठी नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा असं सांगितलंय. तेव्हा न्याच. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं हृदयरुग्णांना देतात, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे. वेडाचा विषयच काढू नका, "झोपेचं दाखवून येऊ" म्हणा. मला बायकोनं असंच नेलं. "जगून काय करायचं" असलं काही बोलले तर मात्र एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ता

फोन केला. चुकलेल्या एकदम देऊ नका, नेहमीची चालू करा आणि उद्या घेऊन या म्हणाले. आण्णांना झोपेचं म्हटलं तर लगेच तयार. मग आपणच बोलले, "चप्पल घालतो रे, पण रंकाळ्यावर परत दुखलं तर उचलणार कोण?" उद्यापासून मी बरोबर जाणार आहे.