लेखक बदलला की मालिका कुठून धरायची?

प्रश्न (इंदूर)
आमच्या वाचनगटाला ‘डेअरडेव्हिल’ ही अमेरिकन कॉमिक्स मालिका वाचायचीय. खजुरी बाजारात एखादा सुटा अंक मिळाला तर ठीक, नाहीतर संग्रह मागवू. पण लेखक इतके बदललेत की तोच नायक दहा अंकांनी परका वाटतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (वडोदरा)
ताई, अंक १५८ पासून. १९७९ साली तिथे फ्रँक मिलर चित्रकार म्हणून आला, लेखन तेव्हा रॉजर मॅकेन्झीचं होतं. १६८ पासून (जानेवारी १९८१) लेखनही मिलरकडे गेलं. म्हणजे लेखक बदलला तरी डोळ्यांना मालिका तीच राहिली, आणि हे फार मोलाचं आहे. त्याच अंकात एलेक्ट्रा येते, मॅटची (म्हणजे डेअरडेव्हिलचीच) कॉलेजातली प्रेयसी. ते दिवस जुन्या अंकांत बरेचसे कोरे होते, तिथेच तिला बसवली. म्हणून ती उपरी वाटत नाही. १९१ पर्यंत सलग वाचा, मग २२७ ते २३३.

उत्तर २ (ग्वाल्हेर)
नव्या लेखकाने सूत्रं हातात घेणं कसं असावं ते ‘स्वॅम्प थिंग’मध्ये (दलदलीतल्या वनस्पतिरूपी नायकाचं कॉमिक) बघा. अ‍ॅलन मूरने अंक २० मध्ये आधीचा लेखक मार्टिन पास्को याचे लोंबते धागे आवरले आणि नायकाला गोळ्या घातल्या. २१ मध्ये (फेब्रुवारी १९८४) प्रेत चिरलं जातं. आत फुप्फुसं सापडतात, पण श्वास न घेणारी. हृदय सापडतं, पण रक्त न ढकलणारं. हा वनस्पती झालेला माणूस नव्हेच, स्वतःला माणूस समजणारी वनस्पती आहे! मागची एकही घटना खोटी पाडली नाही, फक्त तिचा अर्थ फिरवला.

उलट ‘ग्रीन लँटर्न’ हे कॉमिक. १९९४ मध्ये लेखक म्हणून रॉन मार्झ आला आणि ४८ ते ५० या तीनच अंकांत नायक हॅल जॉर्डन खलनायक झाला. इतकं मोठं वळण तीन अंकांत मावत नाही, वाचकाला ते पटायला वेळच मिळत नाही. पुढे २००४ मध्ये लेखक जेफ जॉन्सला ‘हॅलच्या अंगात पॅरॅलॅक्स नावाची दुष्ट शक्ती शिरली होती’ असा खुलासा करून हॅलला परत आणावं लागलं.

प्रश्नकर्ती
‘डेअरडेव्हिल’च्या अंक १६२ वर मिलरचं नाव नाही. तिथेही सूत्रं बदलली का?

उत्तर १ (वडोदरा)
नाही, तो भरतीचा अंक, म्हणजे नेहमीच्या मंडळींऐवजी दुसऱ्यांनी मध्येच भरून काढलेला. चित्रं स्टीव्ह डिटकोची, गोष्ट त्याच अंकात संपते. असे अंक ओळखायला पहिल्या पानावरची नावं बघा आणि पुढचा अंकही उघडा: जुनी नावं परतली असतील तर लेखक बदललेला नाही. १६२ गाळलात तरी धागा तुटत नाही.